हिरवा रंग फेकून देणारी बाई

सरांनी माझं चित्र खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं आणि मराठीत म्हणाले, "ही कोथिंबिरीची जुडी झाली, बाई."

वर्गातले बाकी सगळे तमिळ. सर शिकवायचेही तमिळमध्येच. मराठी त्यांनी एकट्या माझ्यासाठी राखून ठेवली होती, आणि तीसुद्धा फक्त अपमान करायला. इतरांना वाटे, आम्ही काहीतरी घरगुती बोलतोय. शेजारी बसणाऱ्या मुलीने एकदा विचारलंही, सर तुमचे नातेवाईक का म्हणून. नातेवाईक नव्हते. तंजावूरच्या राजवाड्याभोवतालच्या गल्ल्यांतली आम्हा मराठी लोकांची घरं एकमेकांना ओळखून आहेत, तेवढीच आमची ओळख. ते कॉलेजातून निवृत्त झालेले चित्रकलेचे प्राध्यापक, मी तालुका ऑफिसातून निवृत्त झालेली. रविवारी त्यांच्या माडीवर वर्ग भरायचा. लहानपणी राहून गेलेली हौस पुरी करावी म्हणून मी तिथे नाव घातलं होतं. कोथिंबीर ऐकायला घातलं नव्हतं.

"यात झाड कुठलं? गवत कुठलं? भात कुठला?" सर विचारत होते. "सगळं एकाच ट्यूबमधून पिळलेलं."

"झाडं हिरवीच होती, सर."

"असतीलच की. तुम्ही मात्र त्यात बुडून मेलात."

 वर्गात कोणाला काही कळलं नव्हतं, पण माझे कान तापलेले सगळ्यांना दिसत असणार.

चित्र होतं पापनाशमच्या वाटेवरच्या एका गावाचं. आमच्याकडचा वसंत बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. पंगुनी महिना लागतो, म्हणजे आपला फाल्गुन-चैत्र, तेव्हा कावेरीत नुसती वाळू असते. धरणाचं पाणी केव्हाच बंद झालेलं. पोंगलच्या आगेमागे भात कापून झालेला. पण ज्यांच्या शेतात बोअर आहे ते पुन्हा भात लावतात, आणि चहूकडे वाळू नि खुंट असताना मध्येच त्यांचा तुकडा असा हिरवा दिसतो की डोळ्यांवर कोणी ओलं फडकं मारावं. त्याच सुमाराला करंजाला नवी पालवी येते. तिचा हिरवा तर काचेच्या बांगडीसारखा. त्यामागे नारळ, त्यामागे बांबू, बांधाला केळी. मी पहिल्यांदा तिथे बसले तेव्हा पेटीतल्या हिरव्या ट्यूब घेतल्या आणि जे दिसलं ते लावत गेले. घरी येऊन पाहिलं तर पालकाची भाजी सांडल्यासारखं झालं होतं. सरांनी पालकाची कोथिंबीर केली, एवढाच फरक.

"ऐका," सर मग तमिळमध्ये सगळ्यांना सांगू लागले. "बाहेर बसून वसंत रंगवायचा असेल तर पहिलं काम, पेटीतून हिरवा काढा. निळा आणि पिवळा मिसळून तुमचा तुम्ही तयार करा. त्यात थोडा लाल घाला, म्हणजे त्याचा माज उतरेल. आणि कोऱ्या बोर्डावर सुरुवात करू नका. आधी सगळा बोर्ड विटेच्या रंगाने माखा. वरून हिरवा लावताना तो लाल जागोजागी उघडा राहू द्या. डोळे किलकिले करून बघा. हिरवा बघू नका, काळोख कुठे आणि उजेड कुठे, ते बघा."

मग माझ्याकडे वळून मराठीत, "जमेल?"

मी घरी आले आणि हिरव्या ट्यूब कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. सरांचं पटलं म्हणून नाही. त्यांनी सांगितलेलं तंतोतंत करून दाखवायचं आणि मग वर्ग सोडायचा, असं ठरवलं म्हणून.

यजमान कॉफी गाळत होते. डब्यात डोकावून म्हणाले, "नव्याच होत्या की गं."

"मज नकोत," मी म्हटलं.

हे मी मराठीत लिहिते आहे त्याचं एक कारण असं, की तमिळमध्ये लिहिलं तर त्या गावातलं कोणी ना कोणी वाचेल. वडिलांनी छडी घेऊन देवनागरी गिरवून घेतली होती. आमच्यात ती येणारे आता थोडेच. तिचा असा उपयोग होईल असं त्यांनाही वाटलं नसेल.

तर मी पुन्हा त्याच गावाला गेले. सकाळची बस पकडली, रस्त्यावर उतरले आणि कोरड्या कालव्यावरच्या मोरीवरून पलीकडे शेताच्या बांधावर गेले. तीन पायांचा इझल उभा केला, छत्री बांधली. बोर्ड विटेच्या रंगाने माखला. तो वाळेपर्यंत डोळे किलकिले करून बसले. मग काळसर रंगाने बांधांच्या रेषा ओढल्या, आडव्या, उभ्या. पंपाच्या खोलीसाठी एक चौकोन, करंजासाठी एक गोल. हिरव्याचा अजून एक थेंबही नव्हता. आणि मला बरं वाटत होतं. समोर एवढं रान पेटल्यासारखं हिरवंगार, आणि माझ्या हातात एक शांत लाल पाटी. पहिल्यांदाच मी त्याच्या वर होते, त्याच्या खाली नव्हते.

"कोण तुम्ही?"

मागे एक बाई उभी होती. माझ्याहून थोडी लहान असेल. साडीवर पुरुषी शर्ट चढवलेला, पाय पोटरीपर्यंत चिखलात. हातात खुरपं होतं.

"चित्र काढतेय," मी म्हटलं.

तिने बोर्डाकडे पाहिलं. मग शेताकडे. मग पुन्हा बोर्डाकडे.

"माझं शेत लाल का केलंस?"

तमिळमध्ये तिने 'तुम्ही'ने सुरुवात केली होती. दुसऱ्या वाक्याला मी 'तू' झाले. मला ते झोंबलं.

"ही नुसती सुरुवात आहे. यावर नंतर हिरवा येतो."

"खालून लाल आणि वरून हिरवा? कशाला? माझं शेत खालून लाल नाही. इथली माती काळी आहे."

"तशी पद्धत असते."

"कोणाची पद्धत? हे बांध मोजलेस का तू? हा माझा बांध, हा दिराचा. ही पंपाची खोली. सगळं काढलंयस. हा नकाशा आहे."

तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. गेल्या वर्षी त्या भागातून नवा रस्ता जाणार अशी बातमी होती. तीन पायांची यंत्रं घेऊन माणसं आली होती, बांधावर उभी राहून एक डोळा मिटून बघत होती, आणि जाताना दगडांवर लाल रंग फासून गेली होती. ज्या दगडावर लाल, ती जमीन जाणार असं लोक धरून चालले होते. आता मी तीन पायांची घोडी मांडून, डोळे किलकिले करून, लाल बोर्डावर तिच्या बांधांच्या रेषा ओढत बसले होते. पण त्या वेळी मला हे सुचलं नाही. मला एवढंच वाटलं, की तिकडे सर आणि इथे ही. मला माझ्या कामाला कोणी बसूच देणार नाही का?

"बाई, मला काम करू द्या. मी तुमच्या शेताला हात लावलेला नाही."

"माझ्या बांधावर बसलीयेस."

तेवढ्यात फोन वाजला. यजमानांचा. चष्मा कुठे ठेवलाय, म्हणून. मी मराठीत सांगितलं, कपाटावर आहे, आणि ठेवून दिला.

"हिंदी," ती म्हणाली. ओरडली नाही. स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. आणि मग शेतातून जोरात हाक दिली, "अहो, या इकडे! उत्तरेकडची बाई आलीये मोजायला!"

दीर आला. चहाच्या टपरीवर बसलेले दोघेतिघे आले. आणखी बायका आल्या. मी सांगत होते, हिंदी नव्हे, मराठी. आमचं घर तंजावूरला, राजवाड्यापाशी. आमचे पूर्वज इथे आले त्याला शेकडो वर्षं झाली. "मग घरी हिंदी का बोलता?" एकाने विचारलं. मी म्हटलं, मराठी. तो म्हणाला, तेच ते. माझं तमिळ त्यांच्याइतकंच चांगलं होतं, आणि त्याचाही उपयोग झाला नाही. एक बाई म्हणाली, बघा, भाषासुद्धा शिकवून पाठवलीये.

मग दिराने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"हिला मी ओळखतो," तो म्हणाला. "ही तालुका ऑफिसातली मॅडम. जमिनीच्या सेक्शनला बसायची. जमिनीच्या पट्ट्यावर नाव चढवायला मी गेलो होतो तिच्याकडे."

 इतका वेळ मी परकी होते, म्हणून गोंधळ होता. आता मी इथली ठरले, आणि ते फार वाईट ठरलं.

"मी निवृत्त झालेय," मी म्हटलं. खरं होतं ते. पण माझ्याच कानाला ते खोटं वाटलं.

 शेतवाल्या बाईने खाली वाकून बांधाचा ओला चिखल ओंजळीत घेतला आणि माझ्या बोर्डावर फासला. डावीकडून उजवीकडे, भिंत सारवावी तसा. माझ्या रेषा पुसल्या गेल्या. इझल कलला, छत्री पडली, पाण्याचा डबा उपडा झाला.

मी ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. मराठीत बोलले, कारण रागात मला तमिळ येत नाही, आणि त्यामुळे सगळ्यांची खात्रीच पटली. सामान गोळा करून रस्त्यावर आले. पाठीमागे कोणी हसत नव्हतं. हसले असते तर बरं झालं असतं.

घरी यजमान म्हणाले, "दुसरं गाव बघ. तिरुवैयारूला जा, नदीकाठी बस. तिथे कोणी विचारत नाही."

"तिथे नुसती वाळू आहे."

"मग वाळू काढ. तुज हिरव्याचा त्रास होतो ना? वाळूत हिरवा नाही."

त्यांचं बोलणं अगदी बरोबर होतं. म्हणून मी जेवले नाही.

रविवारी मी तो चिखल फासलेला बोर्ड सरांपुढे ठेवला. झालेलं सगळं सांगितलं. मला वाटलं, ते निदान त्या गावावर तरी चिडतील. त्यांनी बोर्ड खिडकीपाशी नेला. चिखल वाळून राखाडी झाला होता, भेगा पडल्या होत्या, आणि भेगांतून खालचा लाल दिसत होता.  सर मराठीत म्हणाले, "चिखल लागलाय तेवढा भाग चांगला उतरलाय."

मी बोर्ड त्यांच्या हातातून ओढून घेतला. मला त्या माणसाला एकदाही हरवता येत नव्हतं, आणि त्याला ते ठाऊक होतं.

त्या बाईच्या बांधावर बसायला मी नंतर कधी गेले नाही. पण मोरी आणि रस्ता सरकारी. जमिनीच्या सेक्शनला सगळा जन्म काढला, कुठे सरकारी जागा संपते आणि कुठे खाजगी सुरू होते ते मला कोणी सांगायला नको. मी मोरीच्या कठड्याला लागून इझल मांडला. या वेळी विटेचा रंग घरूनच माखून, वाळवून आणला होता. बसल्याबरोबर निळा आणि पिवळा मिसळायला घेतला, त्यात लाल घातला. पहिला हिरवा तयार झाला तो जुन्या तांब्याच्या भांड्यावर साचतो तसा. लावला. दुसऱ्यात निळा जास्त घातला, तो नारळांच्या सावलीसाठी. तिसऱ्यात जवळजवळ नुसता पिवळा, तो करंजाच्या पालवीसाठी. जमत होतं. चिडलेली असताना माझा हात चांगला चालतो, हे मला तेव्हा कळलं.

फक्त मधला भाताचा तुकडा बसत नव्हता. काहीही लावलं तरी तो एकतर वरून ओरडायचा नाहीतर मरून पडायचा.

आणि तेवढ्यात ती आली.

पंपाच्या खोलीतून बाहेर पडली, मला पाहिलं आणि थांबली. मग भाताच्या मधल्या बांधावरून चालत आली, अगदी माझ्या समोर, कालव्याच्या पलीकडे. हात कमरेवर ठेवले. अंगावर डाळिंबी साडी, वर निळा फिकट शर्ट. मला हवा होता तो भाताचा तुकडा बरोबर तिच्या पाठीमागे.

"काढ आता!" ती ओरडली.

"बाजूला व्हा."

"माझं शेत आहे. मी कुठेही उभी राहीन."

"मी रस्त्यावर बसलेय. रस्ता तुमचा नाही."

"तू रस्त्यावर बस. मी शेतात उभी राहते. बघू कोण आधी उठतं."

तिला वाटलं मी सामान आवरीन. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग मी ब्रश लालमध्ये बुडवला आणि तिलाच काढायला घेतलं.

प्रेमाने काढलं नाही. कमरेचा घेर होता त्याहून थोडा वाढवला. तोंड उघडं ठेवलं. पायांवरचा चिखल जाड थापला. पण ती डाळिंबी साडी त्या भातावर टेकली मात्र, तो तुकडा आपोआप जागेवर बसला. इतका वेळ जो हिरवा आवरत नव्हता तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला. मी त्यात आणखी काही केलं नाही. तिच्या शर्टाची सावली तेवढी भरली. मला त्या यशाचाही राग आला, कारण ते तिच्यामुळे होतं.

ऊन चढलं. मोरीवर सावली नाही, आणि छत्रीची काडी मागच्या भांडणात मोडली होती. माझी मान भाजून निघत होती. तिच्या डोक्यावर नुसता पदर. मधेच तिच्या घरची एक बाई पाण्याचा लोटा घेऊन आली. शेतवालीने तो वर धरून, तोंडाला न लावता, घटाघटा घशात ओतला. नजर माझ्यावरून हलवली नाही. लोटा परत देताना त्या बाईला म्हणाली, "हिला देऊ नकोस." माझी बाटली संपली होती. मी मागितलं नसतंच.

शेवटी तीच आली. उठून गेली असं म्हणता येऊ नये म्हणून थेट मोरीवरून माझ्याकडे आली. बोर्डापुढे उभी राहिली. मी ब्रश पुसत होते, आणि खरं सांगायचं तर तिने काय म्हणावं याची वाट पाहत होते. स्वतःकडे तिने ओझरतं पाहिलं. त्या जाड कमरेबद्दल एक शब्द बोलली नाही.

"हे माझं शेत नाही," ती म्हणाली.

"तुमचंच आहे."

"माझं शेत हिरवं आहे. हे बघ." तिने बोट दाखवलं. "इथे तपकिरी. इथे निळा. इथे कसला तरी गुलाबी. हा कुठला रोग पडलाय माझ्या भाताला?"

"लांबून बघा. लांबून हिरवाच दिसतो."

ती दोन पावलं मागे गेली, डोळे बारीक केले, परत आली. "नाही दिसत. हिरवा कर."

"चित्र असंच असतं. सगळीकडे हिरवा लावला की काहीच दिसत नाही."

"नदीत पाणी आहे का?" तिने विचारलं. "नाही ना? कालव्यात आहे का? हे शेजारचे सगळे तुकडे बघ, वाळून कोळ झालेत. करंट येईल तेव्हा उठून बोअर चालू करायचा, बंद पडला की आणखी खाली पाइप सोडायचा. त्याचा हा हिरवा. आणि तू म्हणतेस काहीच दिसत नाही. तुझ्या पेटीत हिरवा असेल. काढ आणि लाव."

"माझ्याकडे हिरवा नाही."

"नाही म्हणजे?"

"फेकून दिला."

 चिखल फासताना, ओरडताना, तासभर उन्हात उभी असताना तिच्या चेहऱ्यावर राग होता. आता किळस होती.

"हिरवा रंग फेकून देणारी बाई," ती म्हणाली. "आणि ही सरकारात जमिनीच्या सेक्शनला होती."

मला उत्तर सुचलं नाही असं नव्हे. सुचलं, आणि दिलंही. मी म्हटलं, "शेत तुमचं, तुम्हाला हवं ते लावा. चित्र माझं. त्यात मी काय लावायचं ते तुम्ही सांगू नका." अजूनही मला ते बरोबरच वाटतं. शेतात राबणाऱ्याचा हिरवा वेगळा आणि बोर्डावरचा वेगळा. तिने भाताला पाणी पाजलं म्हणून मी चित्र बिघडवायचं, हे मला मान्य नाही. पण तिलाही ते मान्य नव्हतं, आणि तिला कोणी मान्य करायला सांगितलंही नव्हतं.

"मग मला दे ते," ती म्हणाली. "मी आहे त्यात. मला न विचारता काढलंस."

"देणार नाही."

तिने बोर्डाची कड धरली. मी दुसरी. आम्ही दोघी वयस्क बाया, रस्त्याच्या कडेला, एक बोर्ड ओढतोय. ती ताकदीची होती, पण बोर्ड मला ठाऊक होता, कुठे धरला की सुटत नाही ते. तंजावूरची बस आली. ड्रायव्हरने लांबूनच हॉर्न धरला. ती मागे सरली, मी पुढे, आणि बोर्ड माझ्याकडे राहिला. इझल तसाच काखेत मारून मी बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, "अम्मा, रंग लागेल लोकांना." मी त्याला काय म्हटलं ते आठवत नाही, पण तो पुन्हा बोलला नाही. वर आकाशाच्या भागात तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. तो मी मिटवू शकले असते. रंग ओला होता. मिटवला नाही.

सरांनी ते चित्र पाहिलं तेव्हा माझ्या चित्राबद्दल पहिल्यांदाच तमिळमध्ये बोलले, म्हणजे सगळ्यांना कळेल असं. "हिरवा ताब्यात आलाय. बघा सगळ्यांनी." वर्गातल्या मुली पुढे आल्या. कोणी मोबाइलवर फोटो काढला. मी ज्याची वाट पाहत होते ते हेच. आता उठायचं आणि वर्ग सोडतेय म्हणून सांगायचं.

मग सर जवळ आले आणि मराठीत म्हणाले, "ही बाई तेवढी काढून टाका. तिच्याशिवाय निसर्गचित्र होईल. आकाशात डाग पडलाय तोही झाका. मग उन्हाळ्यातल्या प्रदर्शनात लावू."

"तिच्यामुळेच तो हिरवा आवरलाय, सर."

"आवरला ना? मग तिचं काम झालं. तिच्या जागी एक लाल फुलाचं झाड घाला. पांगारा घाला."

"तिथे पांगारा नाही."

"चित्रात कोण विचारतंय?"

"ती विचारते," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "ती बाई विचारते. ऊन खात उभी होती ती तिथे. पांगारा नव्हता उभा."

हे मी कोणाच्या बाजूने बोलत होते? तिच्या नक्कीच नाही. ती समोर असती तर मी तिचंही ऐकलं नसतं. पण सरांनी ज्या सहजतेने तिला उपटून फेकायला सांगितलं त्याने माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. मी तिला वाईट काढलं होतं, द्वेषाने काढलं होतं, पण ती तिथे होती. सर म्हणाले, "तुम्हाला शिकायचं नसेल तर येऊ नका." मी म्हटलं, "नाहीच येत." मराठीत बोललो, तरी या वेळी सगळ्या वर्गाला कळलं.

सर आता गल्लीत दिसले तर समोरून येताना रस्ता ओलांडतात. मीही ओलांडते. कधीकधी दोघं एकदमच ओलांडतो आणि पुन्हा समोरासमोर येतो.

चित्र यजमानांनी मागच्या पडवीत लावलं, वॉशिंग मशीनच्या वर, कारण पुढच्या खोलीत मी लावू दिलं नाही. भाऊबंद कोणी आले की विचारतात, ही कोण? यजमान सांगतात, हिची मैत्रीण. मी आतून ओरडते, मैत्रीण नव्हे.

दुसऱ्या वर्षी रस्त्याचं काम सुरू झालं. तिचा तुकडा वाचला. कालव्याच्या दुसऱ्या बाजूच्या केळीच्या बागा गेल्या. मला हे वर्तमानपत्रातून नाही, आमच्या जुन्या ऑफिसातल्या एकीकडून कळलं. ती म्हणाली, त्या गावात अजून सांगतात की एक निवृत्त मॅडम छत्री लावून बसली होती आणि तिनेच आतून सगळं फिरवलं. बागा गेलेले लोक मला शिव्या घालतात. शेत वाचलेले लोक मात्र माझे आभार मानत नाहीत. मी जाऊन खुलासा करणार नाही. कोण ऐकेल?

मी अजून पंगुनीत बाहेर बसते. वेगवेगळ्या गावांना जाते, आधी कोणाला तरी विचारून बसते. बोर्ड अजूनही विटेच्या रंगानेच माखते, पण घरीच, दार लावून. हिरव्याशी माझं जमलं आहे असं म्हणणार नाही. दरवेळी तो समोर उभा राहतो आणि दरवेळी मी चिडते, आणि मग काम होतं.

मागच्या पंगुनीत पापनाशमच्या बसस्टँडवर ती भेटली. भेटली म्हणजे, एकाच बाकावर बसायची वेळ आली, कारण दुसरे बाक उन्हात होते. तिच्याबरोबर सून होती. तिने मला ओळखलं, मी तिला. ती बरीच वाळली होती. सुनेला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेताने, "हीच ती."

सुनेने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्याशी टेकवलेल्या इझलकडे. "काय करतात या?"

"काही नाही," ती म्हणाली. "रिकामी बाई आहे."

मी समोरच्या पाटीकडे बघत राहिले. तिने मांडीवरची पिशवी सावरून आमच्या मध्ये ठेवली. मीही माझी ठेवली. तंजावूरची बस आधी लागली. उठताना माझी पिशवी तिच्या पिशवीत अडकली आणि बंद सोडवायला तिने हात लावला नाही, मीच सोडवला. बसमध्ये खिडकीशी बसले. ती खाली बाकावर होती, माझ्याकडे पाठ करून, आणि सुनेला काहीतरी मोठ्याने समजावून सांगत होती.